जांभळ्या पोशाखातली बाई आणि जाळीची किल्ली

मी आयुष्यात पहिलं काम केलं ते एका परदेशी बाईला मराठी बोलायला लावायचं. बाई जांभळ्या घट्ट पोशाखात असायची, कॉमिकच्या पानांत राहायची आणि तिला भिंतीपलीकडचं ऐकू यायचं. मी गुडगावात तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि मलाही भिंतीपलीकडचं ऐकू यायचं, कारण बिल्डरने भिंती पातळ बांधल्या होत्या.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. देशाची दारं उघडली, असं जो तो म्हणत होता. परदेशी गाड्या आल्या, परदेशी चॉकलेटं आली, केबलवर रात्रंदिवस परदेशी मालिका आल्या. आमचं दार मात्र बंद असायचं. लाकडी दारापुढे लोखंडी जाळीचं दुसरं दार, त्या जाळीला आतून कुलूप, आणि कुलपाची किल्ली सासूच्या कमरेला, चंचीत, पान-तंबाखूच्या शेजारी. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात. तर किल्ली आत्यांकडे, आणि किल्लीला कायम तंबाखूचा वास.

आमची सोसायटी म्हणजे मोहरीच्या शेतांत उभ्या केलेल्या चार इमारती. निम्मे फ्लॅट रिकामे. खिडकीतून मोर दिसायचे आणि क्रेन दिसायच्या. सकाळी कंपनीची बस गेटावर यायची, पुरुषमाणसं चढायची, बस मानेसरच्या दिशेने वळायची, आणि मग संध्याकाळपर्यंत कुठे जायचं म्हटलं तर वाहन नाही. हायवेपर्यंत चालत जायचं आणि तिथून शेअरचा टेम्पो पकडायचा. बायकांनी तसं चालत जाऊ नये असं कुणी सांगितलं नव्हतं, पण जात कुणीच नव्हतं.

जाळीला कुलूप लागलं ते शेजारच्या इमारतीत चोरी झाल्यावर. नवऱ्याने आत्यांना सांगितलं, "आई, मी आल्याशिवाय जाळी उघडायची नाही. कुणी का असेना." तो सहज बोलून गेला. पण आत्यांचा नवरा, म्हणजे माझे सासरे, फौजेत होते. ते लांब कुठेतरी असायचे आणि आत्या गावाकडे, आणि तिकडून जो हुकूम येईल तो पाळायचा, यात त्यांचा जन्म गेला होता. मुलाचा हुकूमही त्यांनी तसाच घेतला. गावाकडे त्यांच्या घराचं दार फक्त कुत्री शिरू नयेत म्हणून लागायचं. इथे त्या दिवसातून कितीदा तरी उठून कुलूप ओढून बघायच्या.

कुलपाबरोबर किल्ल्या दोन आल्या होत्या. एक नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात कारखान्यात हरवली. दुसरी करून आणायची त्याला कधी गरज पडली नाही. तो आला की बेल वाजवायचा आणि घरात दोन बायका असायच्याच.

नवऱ्याबद्दल मी वाईट सांगणार नाही. भला माणूस होता, अजून आहे. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता आणि रोज संध्याकाळी तिथली एखादी अडचण डब्याबरोबर घरी आणायचा. कोणत्या पाळीला कुठल्या मशीनचा माल जास्त बाद होतो, माणसं कशी फिरवली तर ते कमी होईल, असलं काहीतरी. माझं एम.एस्सी. गणितात झालेलं. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे आणि तवा उतरवेपर्यंत उत्तर सांगायचे. तो दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे मांडायचा. मित्र जेवायला आले की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आमच्या घराचं हेडक्वार्टर हे आहे. बिल्कुल कम्प्युटर, यार. ही नसती तर माझं काय झालं असतं." मित्र हसायचे, मी आणखी भाजी वाढायचे. मला ते ऐकायला आवडायचं. मात्र मित्र गेल्यावर भांडी घासताना राग यायचा, आणि तो नक्की कुणाचा येतोय हे बरेच दिवस मला कळत नव्हतं.

अशात एकदा गणपतीत नवरा आणि मी दिल्लीतल्या एका मराठी मंडळात गेलो होतो, आत्या घरीच होत्या. तिथल्या फळ्यावर कागद लावला होता. करोल बागेतले एक प्रकाशक परदेशी कॉमिक हिंदीत काढायचे, आता मराठीतही काढणार होते, त्यांना घरबसल्या भाषांतर करणारं माणूस हवं होतं. घरबसल्या म्हटल्यावर नवरा लगेच हो म्हणाला. कुरियरवाला इंग्रजी अंक आणायचा आणि पाकीट जाळीच्या फटीतून आत सारायचा. माझं काम झालं की मी त्याच फटीतून पाकीट बाहेर द्यायचे. पाकिटाची ये-जा सुरू झाली.

कॉमिकातल्या टोळीत पाच जण. पुढारी उडायचा आणि छाती काढून बोलायचा. दुसरा भिंती फोडायचा. तिसरा पळायचा. चौथा हात लावील ते गोठवायचा. पाचवी ही जांभळ्या पोशाखातली. सगळ्यांत डोकं हिचं. यंत्रं हिने बनवलेली, शत्रूचा डाव ही ओळखायची, कुठे उतरायचं आणि कोणती तार तोडायची हे हीच सांगायची. सांगायची कुठून, तर तळावरच्या काचेच्या खोलीतून. बाहेर जायचे ते चौघे. आणि दर अंकात मधल्या पानांच्या आसपास शत्रू तळावर येऊन हिला कोंडायचा. मग ते चौघे परत येऊन तिला सोडवायचे आणि पुढारी तिचं तोंडभरून कौतुक करायचा.

कॉमिकात माणसं ज्या पांढऱ्या गोलात बोलतात त्याला आम्ही फुगा म्हणायचो. फुगे ठरलेले असतात, ते मराठीसाठी मोठे होत नाहीत. इंग्रजीच्या जागेत आपल्या वेलांट्या-मात्रांसकट सगळं बसवायचं म्हणजे जिवावर येतं. मी फुग्याच्या मापाचे कागद कापून घ्यायचे, वाक्य मोठ्याने म्हणून बघायचे, एक शब्द काढायचे, परत म्हणायचे. आत्या पलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. मग एका दुपारी त्यांनी विचारलं, "ही बाई येवढी शानी हाय, तर दर बारीला हीच कशी सापडती?"

"गोष्टीसाठी तसं लागतं, आत्या."

"गोष्टीला बाप्ये कोंडलेले चालत न्हाईत व्हय?"

तेव्हापासून आत्या माझ्या शेजारी सरकून बसायला लागल्या. चौथी शिकलेल्या, पण चित्रं बघण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. टोळीतल्या चौघांना त्यांनी आमच्या भावकीतली नावं ठेवली होती आणि पुढाऱ्यावर त्यांचा खास दात होता. तिला मात्र त्या नुसतंच 'ती' म्हणायच्या. सकाळी चहा घेताना विचारायच्या, "सुटली का ती?"

पहिला मराठी अंक छापून आला तेव्हा आम्ही दोघी पलंगावर बसून तो वाचायला लागलो. आत्या बोट ठेवून एकेक फुगा वाचत होत्या. मधेच थांबल्या. "ह्यात ती बोलतच न्हाई की," म्हणाल्या.

मी पान ओढून घेतलं. खरंच होतं. जिथे तिने सगळा डाव उलगडून सांगितला होता तिथे नुसतं 'थांबा' उरलं होतं. एका ठिकाणी 'इकडे'. एका ठिकाणी 'अरे देवा', आणि तेही तीन ओळींतली शेवटची दोन कापून. पुढाऱ्याचे फुगे सगळे जागच्या जागी. अंक वाचणाऱ्या पोराला वाटलं असतं की सगळं पुढाऱ्यालाच सुचलं आणि ही बाई नुसती घाबरत होती. इतका संताप मला स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा कधी आला नव्हता.

मी करोल बागेत फोन लावला. संपादक सज्जन होते, पंजाबी, मराठीचं अक्षर न कळणारे. म्हणाले, "मैडम, बैलून में जितना आता है उतना चिपकाते हैं. बाक़ी काट देते हैं. मुझे क्या पता उसमें लिखा क्या है." त्यात त्यांची लबाडी नव्हती. कॉमिकातली ती सगळं समजावून सांगायची, म्हणून तिची वाक्यं लांब. लांब म्हणून ती बसायची नाहीत. आणि कापणाऱ्याला मराठी येत नसल्यामुळे तो खालून कापत जायचा.

मग तेच म्हणाले, की असं चालायचं नाही. पानं चिकटवताना मराठी वाचणारं कुणीतरी टेबलाशी हवं. "आप आ जाइए, हफ़्ते में तीन दिन. पक्की नौकरी समझिए." सोमवारी पुढच्या अंकाची पानं चिकटवायची होती. मी आले नाही तर दिल्लीतच मुनिरक्यात राहून यूपीएससीचा अभ्यास करणारा एक मराठी मुलगा यायला तयार होता, आणि मग भाषांतरही तोच करणार होता. "सोमवार को आप आएँ तो आप, नहीं तो वो. अच्छा?"

मी फोन ठेवला. नोकरी म्हणजे काय हे मला त्या क्षणी नुसतं पायांत जाणवलं. हायवेपर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढे आला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता, दमलेला होता. "घरी बसून होतंय की सगळं. कशाला धक्के खायचे त्या बसमध्ये?"

"घरी बसून होत नाहीये, तेच सांगतेय. ते कापतात."

"अगं, कॉमिक आहे. मुलं चित्रं बघतात."

"अहो, मला जायचंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. खरोखर गोंधळला होता. "आणि आई? ती दिवसभर एकटी राहील इथे? तिला हिंदीचा गंध नाही. शिवाय मी आलो की दार कोण उघडणार, ते सांग." मग आवाज मऊ करून म्हणाला, "तू नसलीस तर हे घर चालेल का, यार? तूच बघ ना, सगळं तर तुझ्याच डोक्यावर चाललंय."

तो मनापासून बोलत होता. मला ओरडता येईना. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, कौतुक करणाऱ्याशी कसं भांडायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी ताटं उचलली.

ते दोन-तीन दिवस फार वाईट गेले. जानेवारी होता. धुक्याने मोर दिसेनात, क्रेन दिसेनात, समोरची इमारतही दिसेना. खिडकीला नुसता पांढरा पडदा लागलेला. मी अंकाचं काम पूर्ण करत होते. त्या अंकात शत्रूने तिला पोलादी तिजोरीत कोंडलं होतं. आत हवा कमी होत चाललेली. ती भिंतीला कान लावते आणि एका कोपऱ्यात तिला पाण्याची नळी वाहताना ऐकू येते. मग ती बाहेरच्यांना कानातल्या यंत्रातून सांगते की इथली नळी गोठव, पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, नळी फुटेल, भिंतीला तडा जाईल, मग त्या तड्यावर घाव घाल. किती साधं आणि किती सुरेख. ते एका फुग्यात बसवायला मी दोन दिवस घालवले. शेवटी बसेना ते बसेनाच, मग तसंच लांबलचक कुरियरने पाठवून दिलं.

आत्यांना मी सगळं वाचून दाखवलं. त्या पान लावत ऐकत होत्या. म्हणाल्या, "कुठं घाव घालायचा ते हिलाच म्हाईत. मग घालायला त्यांची वाट का बगत बसती?"

"ती आत आहे, आत्या. आतून घाव घालता येत नाही."

"ते बी खरं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ चंचीची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या.

सोमवारी बस गेली. मी साडी बदलली, केस विंचरले, माझ्या कच्च्या कागदांचं पाकीट पिशवीत घातलं आणि आत्यांपुढे जाऊन उभी राहिले. "आत्या, किल्ली द्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग मी कशी दिऊ?" मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आन मी हितं एकटी ऱ्हाऊ? तू गेलीस आन कुणी आलं तर? आत पडले-झडले तर? तू भायेर, किल्ली आत माज्याजवळ, मग उघडनार कोन? जाळीला डोकं आपटून मरंन मी."

हा हिशोब मी केलाच नव्हता. मला वाटत होतं त्या पहारेकरी आहेत. त्या माझ्यासारख्याच आत होत्या, फक्त किल्ली कमरेला बांधून. मी बाहेर पडले तर त्यांची कोठडी जास्त पक्की होणार होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. आवाज दाबला नाही. रडता रडता मुनिरक्यातल्या त्या मुलाचा मला मनस्वी राग येत होता, ज्याला नुसती चप्पल पायात सरकवून निघता येत होतं.

जरा वेळाने मागे लुगड्याची सळसळ ऐकू आली. आत्या नवं नऊवारी नेसून उभ्या होत्या, वर शाल, शालीवरून स्कार्फ, पायांत माझ्या नवऱ्याचे मोजे. म्हणाल्या, "चल. मी बी येते. कुलूप भायेरून लावू."

जाळीला बाहेरून कुलूप मी तोपर्यंत कधी बघितलंच नव्हतं. आम्ही जिन्यात उभं राहून कडी सरकवली, आत्यांनी चंचीतून किल्ली काढली, फिरवली, आणि सवयीने कुलूप दोनदा ओढून बघितलं. आत घर रिकामं. आम्ही दोघी या बाजूला. मला उगाच हसू यायला लागलं.

गेटावरच्या वॉचमनने अडवलं. "माताजी, साहब को पता है?"

आत्यांना 'साहब' एवढं कळलं. "सायबाला मी जल्म दिलाय," त्या मराठीत म्हणाल्या आणि चालत राहिल्या. वॉचमनला काही समजलं नाही, पण तो बाजूला झाला.

हायवेपर्यंत धुक्यात चाललो. टेम्पोत आत्या दोन दूधवाल्यांच्या मधे दांडा घट्ट धरून बसल्या. धौला कुआँला उतरून बस पकडली. खिडकीतून फौजेची वस्ती लागली, लांब भिंती, रंगवलेले दगड. आत्या काचेला नाक लावून बघत राहिल्या. "ते हितं हुते दोन वर्सं," एवढंच म्हणाल्या. सासरे दिल्लीत होते हे मला माहीत नव्हतं. त्यांनी बायकोला कधी आणलं नव्हतं.

प्रकाशकाचं ऑफिस करोल बागेत गाड्यांच्या सीटकव्हरच्या दुकानावर होतं. वर एक लांब टेबल, त्यात काच, काचेखाली ट्यूबलाइट. चष्मा लावलेले एक पोक्त गृहस्थ पानं चिकटवत होते. टाइप केलेल्या पट्ट्या, रबराचा डिंक, ब्लेड. संपादक आत्यांना बघून चकित झाले, पण खुर्ची दिली आणि चहा मागवला. आम्ही पोहोचलो तेव्हा तिजोरीचंच पान टेबलावर होतं आणि ब्लेड तिच्या फुग्याच्या खालच्या ओळींवर टेकलेलं होतं.

"रुकिए," मी म्हणाले.

पण रुकून करायचं काय? वाक्य लांब होतं ते होतंच. बर्फ काढला तर अर्थ जातो, नळी काढली तर काहीच उरत नाही. मी पेन्सिल घेऊन उभी. ते गृहस्थ घड्याळ बघायला लागले. एवढं करून आले आणि हातातून हेच जाणार, असं वाटायला लागलं.

आत्या खुर्चीवरून उठून टेबलाशी आल्या. काचेवर वाकल्या. त्याच चित्रात पुढाऱ्याचा फुगा होता, तिच्यापेक्षा दुप्पट मोठा. त्यात तो म्हणत होता की वा, तुझी कमाल आहे, तू नसतीस तर आमचं काय झालं असतं, तुझ्यासारखं डोकं सगळ्या पृथ्वीवर नाही. त्यावर आत्यांनी बोट ठेवलं.

"ह्याचं काप," म्हणाल्या. "नुसतं कौतिकच हाय त्यात."

मी संपादकांना सांगितलं. ते दचकले. "मैडम, हीरो का डायलॉग?"

"हीरो ने कुछ कहा नहीं है, सर. बस तारीफ़ की है."

त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. पण फुग्याला शेपूट असतं, ते बोलणाऱ्याकडे वळलेलं असतं. मोठ्या फुग्याचं शेपूट पुढाऱ्याच्या तोंडाकडे होतं. चष्मेवाल्या गृहस्थांनी बारीक ब्रशने त्यावर पांढरा रंग लावला, फुंकर घालून वाळवला, आणि पेनाने नवं शेपूट काढलं, तिजोरीच्या भिंतीतून आत, तिच्या तोंडापर्यंत. मग तिची सगळी वाक्यं त्यात नीट चिकटवली. एक अक्षर गेलं नाही. पुढाऱ्याला तिच्या जुन्या छोट्या फुग्यात मी 'बरं' एवढं दिलं. खूप दिवसांनी मला पोटातून हसू आलं.

निघताना संपादक म्हणाले, "बुधवार को दस बजे." मी हो म्हणाले, आणि जिना उतरेपर्यंत लक्षात आलं की हो म्हणायचा मला काहीच आधार नाही.

परतताना धुकं पुन्हा दाटलं. बस मुंगीच्या पावलाने चालली, टेम्पो मिळेना. सोसायटीत पोहोचलो तेव्हा दिवे लागून बराच वेळ झाला होता. तिसऱ्या मजल्यावर, बंद जाळीपुढे, जिन्याच्या पायरीवर नवरा बसला होता. मांडीवर डबा, गळ्याला मफलर, नाक लाल. वरचे-खालचे लोक जाता-येता त्याला विचारून गेले होते आणि काय सांगावं ते त्याला सुचलं नव्हतं. आम्हाला बघून तो उठला. आधी चेहऱ्यावर जीव भांड्यात पडल्याचं दिसलं, मग राग.

"कुठे होता तुम्ही? किती वेळ अडकलोय मी इथे. आत जाता येत नाही, काही कळत नाही. माणसाने करायचं काय?"

मी पिशवी खाली ठेवली.

"आमी कामाला गेल्तो," आत्या म्हणाल्या. चंचीतून किल्ली काढून त्यांनी कुलूप उघडलं, आत गेल्या आणि मोजे काढून त्याच्या हातात दिले.

त्या रात्री तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही सकाळी नाही. मंगळवारी संध्याकाळी आला तेव्हा बेल वाजली नाही. कुलपाचा आवाज झाला, आणि जाळीतून हात घालून, स्वतःच उघडून तो आत आला. वाटेत सदर बाजारातून त्याने जुन्या किल्लीवरून नवी किल्ली करून आणली होती. सकाळी आईकडून मागून नेली होती म्हणे, ती त्याने परत दिली. नवी आपल्या रिंगमध्ये अडकवली आणि हात धुवायला गेला.

एकच. मी वाट बघत राहिले की तो खिशातून आणखी एक काढेल. काढली नाही. दोन वर्षं मी आत होते तेव्हा किल्ली कुणाला सुचली नाही, आणि हा एक संध्याकाळ पायरीवर बसला तर बाजारात गेला, स्वतःपुरती घेऊन आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं. मी आत्यांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "बघितलंत? फक्त स्वतःसाठी."

आत्या पानाला चुना लावत होत्या. माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मला बेरीज येत नाही.

"आगं, येवढं गणित शिकलीस," त्या म्हणाल्या. "त्याला आता दार उघडायला कुणी लागत न्हाई. मग तू कशाला हितं पायजेस?"

बाहेर नवरा टीव्ही लावत होता. आत्यांनी चंचीतून जुनी किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

बुधवारी बस गेल्यावर मी निघाले. आत्या यायच्या नव्हत्या. टेम्पोने त्यांची कंबर धरली होती. मी किल्ली घेऊन जाळीपाशी थांबले आणि मला पुढे काही करवेना. बाहेरून कुलूप लावलं तर त्या आत. आतून लावायचं तर किल्ली पुन्हा त्यांच्याकडे.

"आता काय झालं?" त्यांनी आतून विचारलं.

"कुलूप."

आत्या आल्या. कुलूप माझ्या हातातून घेतलं आणि चपलांच्या फळीवर ठेवून दिलं. मग पाट आणून तो उंबऱ्याशी मांडला, जाळी भिंतीपर्यंत सताड ढकलली, आणि मांडीवर छापील अंक घेऊन दारात बसल्या. मी जिन्याच्या वळणावरून वर बघितलं तेव्हा त्या बोट ठेवून वाचत होत्या, आणि समोरच्या फ्लॅटमधली बाई आपल्या जाळीआडून त्यांच्याकडे बघत होती.